कागदावरचे परके, बांधीतले शेजारी

नागपूरहून रायपूरकडे जाणारी वाहने सडक अर्जुनीजवळच्या कोहमारा चौकातून सरळ पुढे निघून जातात. याच चौकातून एक रस्ता दक्षिणेला फुटतो आणि नवेगावबांधच्या जंगलाकडे जातो. नवेगावबांध मागे टाकून गोठणगाव-प्रतापगडच्या दिशेला वळले की धानाच्या बांध्या, मोहाची झाडे आणि कौलारू घरे यांच्यामध्ये अचानक निळ्या, पांढऱ्या, लाल, हिरव्या आणि पिवळ्या प्रार्थनापताकांच्या माळा दिसू लागतात. परिसरातले लोक या वस्तीला ‘तिबेटी कॅम्प’ म्हणतात. तिचे अधिकृत नाव नॉर्ग्येलिंग तिबेटी वसाहत. ती 1972 मध्ये वसली, तेव्हा हा सारा भाग भंडारा जिल्ह्यात होता. 1 मे 1999 रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाला, पण धरमशालेतील तिबेटी प्रशासनाच्या दफ्तरात आजही ही ‘भंडारा वसाहत’च आहे.

परदेशी राहणारी माणसे म्हटली की मराठी वाचकाला न्यू जर्सी, लंडन किंवा दुबई आठवते. आपली मुले तिकडे गेलेली असतात. त्यांच्या व्हिसाची, नोकरीची आणि मुलांच्या मराठीची काळजी आपण इथे बसून करत असतो. पण परदेशवास ही दुहेरी वाहतूक आहे. सडक अर्जुनी आणि अर्जुनी मोरगाव ही इथल्या तालुक्यांची, आपल्या घरची नावे गेली पन्नासहून अधिक वर्षे दुसऱ्या एका समाजासाठी परदेशातल्या पत्त्याचा भाग झाली आहेत. या समाजाचे रोजचे जगणे कसे चालते आणि कोणत्या कागदांवर अडते, हे या प्रकरणात पाहू.

ल्हासा ते इटियाडोह

10 मार्च 1959 रोजी ल्हासात चिनी सत्तेविरुद्ध उठाव झाला. त्यानंतर आठवडाभरात, 17 मार्चच्या रात्री, दलाई लामा ल्हासाबाहेर पडले आणि 31 मार्चला त्यांनी भारताच्या हद्दीत पाऊल ठेवले. त्यांच्यामागोमाग हजारो तिबेटी हिमालय ओलांडून आले. आसामातील मिसामारी आणि बंगालमधील बक्सा इथल्या छावण्यांत त्यांना ठेवण्यात आले. पुढे अनेकांना डोंगरी भागातील रस्ते बांधण्याच्या कामावर पाठवले गेले. थंड, कोरड्या पठारावर वाढलेल्या लोकांना छावणीतला दमट उकाडा आणि तिथले आजार सोसले नाहीत. पुष्कळ माणसे दगावली.

पंतप्रधान जवाहरलाल नेहरूंनी राज्यांना जमीन देण्याची विनंती केली. म्हैसूर राज्याने पुढाकार घेतला आणि 1960 मध्ये बैलकुप्पे इथे पहिली मोठी शेतकी वसाहत उभी राहिली. त्यानंतर आजच्या छत्तीसगडातील मैनपाट, ओडिशातील चंद्रगिरी आणि कर्नाटकातील मुंडगोड इथे वसाहती झाल्या. त्याच मालिकेत 1972 मध्ये महाराष्ट्राची पाळी आली. जागा निवडली गेली ती तेव्हाच्या भंडारा जिल्ह्याच्या पूर्व टोकाची, गाढवी नदीवरच्या इटियाडोह धरणाच्या परिसरातली.

वसाहती विखुरण्यामागे दोन्ही बाजूंचा विचार होता. भारत सरकारला एका सीमेवर एवढी माणसे एकत्र ठेवायची नव्हती. दलाई लामांच्या प्रशासनाला मात्र लोक पांगून आपली भाषा आणि धर्म विसरू नयेत असे वाटत होते. म्हणून कुटुंबे सुटी सुटी न पाठवता पुरेशी वस्ती एका जागी ठेवायची, तिला शेती, शाळा आणि गोंपा (बौद्ध मठ) द्यायचा, असे ठरले. नॉर्ग्येलिंग आज ज्या रूपात दिसते, ते याच निर्णयाचे फळ आहे.

रोवणी आणि स्वेटर

ल्हासा सुमारे 3,650 मीटर उंचीवर आहे. गोंदियाचा परिसर जेमतेम 300 मीटरवर येतो आणि मे महिन्यात इथला पारा 45 अंशांच्या आसपास जातो. तिबेटात सातू पिकत होते, याक आणि मेंढ्या पाळल्या जात होत्या. इथे आल्यावर चिखलात उतरून परे (धानाची रोपे) लावायला शिकावे लागले. झाडीपट्टीतल्या शेतकऱ्याच्या हाताला पिढ्यान्‌पिढ्यांची सवय असलेले काम या माणसांनी मोठ्या वयात नव्याने आत्मसात केले. धान कसा पेरायचा, बांधीत पाणी किती ठेवायचे, रोवणी कधी उरकायची, हे शेजारच्या गावांकडे पाहूनच कळणारे ज्ञान होते.

एवढ्या शेतीवर संसार भागत नाही, हे विदर्भातल्या कोणत्याही धान उत्पादकाला वेगळे सांगायला नको. तिबेटी वसाहतींनी त्यावर जोडधंदा शोधला, तो हिवाळ्यात स्वेटर विकण्याचा. नागपूरच्या तिबेटी बाजारातून आपल्यापैकी अनेकांनी स्वेटर, शाली आणि कानटोप्या घेतल्या असतील. तिथे मांडलेला माल हाती विणलेला नसतो, तिबेटातून आलेला तर मुळीच नसतो. तो बहुतांशी लुधियानाच्या होजिअरी कारखान्यांतून येतो.

या धंद्याचे चक्र बारकाईने पाहण्यासारखे आहे. पावसाळ्याच्या सुमारास व्यापारी लुधियानाला जाऊन माल पसंत करतात. थोडी रक्कम आगाऊ देतात, बाकीचा माल उधारीवर उचलतात. या उधारीला तारण म्हणून मुख्यतः वर्षानुवर्षांचा शब्द असतो. ऑक्टोबरपासून गावोगावच्या मैदानांवर तंबू पडतात. थंडीचे दोन-तीन महिने हीच काय ती कमाई असते. जानेवारी सरता सरता तंबू उतरतात, कारखानदाराचे पैसे चुकते होतात आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये तिबेटी नववर्ष लोसर येते, तेव्हा सारी कुटुंबे वसाहतीत परततात.

यात अडचण अशी की धान कापणीला येतो तेव्हाच स्वेटरचा हंगाम सुरू होतो. घरातली कर्ती माणसे शहरात असतात आणि शेतात पीक उभे असते. मग कापणीला मजूर लावावे लागतात. शिवाय त्या वर्षी थंडी उशिरा आली किंवा कमी पडली, तर उधारीवर आणलेला माल अंगावर पडतो. मैदानाची परवानगी दरवर्षी नव्याने मागावी लागते आणि ती मिळेपर्यंत माल गोदामात पडून राहतो. निर्वासित समाजाच्या अर्थकारणात स्थिरतेची किती टंचाई असते, ते या एका धंद्यातून कळते.

जगणे कागदावर तोलले जाते तेव्हा

भारताने 1951 च्या आंतरराष्ट्रीय निर्वासित करारावर सही केलेली नाही आणि त्याला जोडलेल्या 1967 च्या पूरक करारावरही नाही. देशात निर्वासितांसाठी स्वतंत्र कायदाही नाही. त्यामुळे आपण बोलताना तिबेटींना निर्वासित म्हणतो, पण कायद्याच्या लेखी ते परदेशी नागरिक होते आणि आहेत. 1939 चा परदेशी नोंदणी कायदा आणि 1946 चा परदेशी नागरिक कायदा त्यांना लागू होत राहिले. आता या दोन्हींची जागा 2025 च्या नव्या स्थलांतर आणि परदेशी नागरिक कायद्याने घेतली आहे.

या व्यवस्थेत तिबेटी माणसाच्या हाती पहिला महत्त्वाचा कागद येतो तो नोंदणी प्रमाणपत्राचा, ज्याला सगळे ‘आरसी’ म्हणतात. भारतात राहण्याचा त्याचा अधिकार या कागदावर उभा असतो. पूर्वी दरवर्षी नूतनीकरण करावे लागे. पुढे दीर्घकाळ राहणाऱ्यांसाठी आणि इथेच जन्मलेल्यांसाठी ही मुदत पाच वर्षांपर्यंत वाढली. बराच काळ दुसरीकडे राहायचे झाले तर नोंदणी अधिकाऱ्याला कळवावे लागते. नोंदणीची मुदत चुकली तर शिक्षण, बँक, प्रवास अशी पुढची सगळी कामे अडतात.

दुसरा कागद म्हणजे ओळख प्रमाणपत्र, पिवळ्या आवरणाची एक पुस्तिका. भारत सरकार ती तिबेटींना पासपोर्टऐवजी देते. परदेशात शिकायला किंवा नातलगांना भेटायला जायचे तर तीच दाखवायची. मात्र अनेक देशांच्या विमानतळांवरील अधिकाऱ्यांनी ही पुस्तिका क्वचितच पाहिलेली असते. व्हिसा हाती आला तरी देशाबाहेर जाण्याचा परवाना वेगळा घ्यावा लागतो. परत येण्यास हरकत नाही अशी नोंदही दीर्घकाळ लागत असे. भारतीय पासपोर्ट घेऊन रांगेत उभा असलेला प्रवासी फक्त पुढच्या देशात प्रवेश मिळेल का, एवढ्याच चिंतेत असतो. पिवळ्या पुस्तिकेच्या धारकाला आपण जन्मलो त्या देशात परत येता येईल ना, याचीही तजवीज आधी करावी लागते.

तिसरा कागद जमिनीचा. गोंदियाच्या शेतकऱ्याला सातबाऱ्याचे मोल पाठ आहे. पीककर्ज हवे तरी सातबारा लागतो, हमीभाव केंद्रावर धान विकायचा तरी नोंदणीला सातबारा लागतो. वसाहतीची जमीन सरकारने तिबेटी समाजाच्या पुनर्वसनासाठी दिलेली आहे. कुटुंबाला ती कसायला मिळते, पण मालकीचा सातबारा त्याच्या नावावर होत नाही. ती विकता येत नाही आणि तारण ठेवता येत नाही. पन्नास वर्षे घाम गाळलेल्या बांधीवरही शेतकऱ्याचे नाव मालक म्हणून येत नाही.

यातील जमिनीच्या आणि रोजगाराच्या प्रश्नांची दखल केंद्र सरकारने 2014 च्या तिबेटी पुनर्वसन धोरणात घेतली. वसाहतींच्या जमिनींचे भाडेपट्टे 20 वर्षांसाठी केंद्रीय तिबेटी मदत समितीच्या नावे करून द्यावेत, रोजगार हमी, रेशन आणि घरकुल यांसारख्या योजनांचा लाभ तिबेटींनाही द्यावा, त्यांना दुकानांचे आणि व्यवसायांचे परवाने मिळावेत, स्वेटर बाजारासारख्या हंगामी विक्रीला जागा द्यावी, असे धोरणात म्हटले आहे. धोरण उत्तम आहे. पण जमीन हा राज्याचा विषय आहे आणि रेशनकार्ड तहसील कार्यालयात निघते. दिल्लीत लिहिलेल्या परिच्छेदाचे तालुक्याच्या खिडकीपर्यंत येता येता काय होते, यावर सगळे अवलंबून असते. त्या खिडकीत बसलेल्या लिपिकाला हे धोरण माहीतच नसेल, तर रांगेत उभ्या असलेल्या माणसाच्या हाती काहीच पडत नाही.

एका घरातले दोन देश

आता नागरिकत्वाकडे वळू. 1955 च्या नागरिकत्व कायद्यानुसार 26 जानेवारी 1950 पासून 1 जुलै 1987 पूर्वी भारतात जन्मलेली व्यक्ती जन्मानेच भारताची नागरिक असते. आईवडील कोण, हे त्यात पाहिले जात नाही. 1 जुलै 1987 पासून जन्मलेल्यांसाठी आईवडिलांपैकी एक जण भारतीय असावा लागतो. 3 डिसेंबर 2004 पासून जन्मलेल्यांसाठी अट आणखी कडक झाली. आईवडिलांपैकी एक भारतीय असला तरी दुसरा बेकायदा स्थलांतरित नसावा लागतो.

ही तारखांची रांग वसाहतीवर लावून पाहा. 1972 मध्ये वसाहत झाली. त्यानंतरच्या पहिल्या पंधरा वर्षांत तिथे जन्मलेले मूल कायद्याने भारतीय ठरते. एका घरात 1985 साली मुलगी आणि 1988 साली मुलगा झाला असे समजा, आणि त्यांचे आईवडील दोघेही तिबेटातून आलेले आहेत. थोरली बहीण जन्माने भारतीय होते, धाकटा भाऊ परदेशी राहतो. दोघांची शाळा, भाषा आणि शेत एकच असूनही कायदा त्यांना दोन देशांत उभे करतो.

हा हक्क कागदावर असूनही अनेक वर्षे तो फारसा कोणी मागितला नाही आणि मागितला तर मिळत नव्हता. 2010 च्या डिसेंबरमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने नामग्याल डोलकर यांच्या खटल्यात निर्णय दिला, की या काळात भारतात जन्मलेली तिबेटी व्यक्ती भारतीय नागरिक आहे आणि तिला पासपोर्ट नाकारता येणार नाही. 2014 च्या फेब्रुवारीत निवडणूक आयोगाने अशा तिबेटींची नावे मतदार यादीत घेण्याची सूचना राज्यांना दिली. 2016 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने पुन्हा पासपोर्टच्या बाजूने निकाल दिला. परंतु 2017 मध्ये पासपोर्ट देण्यासाठी काही अटी पुढे आल्या. आरसी आणि पिवळी पुस्तिका परत करायची, तिबेटी म्हणून मिळणारे लाभ सोडायचे आणि तिबेटी वसाहतीत राहायचे नाही.

शेवटची अट नॉर्ग्येलिंगच्या रहिवाशासमोर ठेवून पाहा. तो भारताचा नागरिक आहे, हे न्यायालयाने मान्य केले आहे. ते नागरिकत्व वापरायचे असेल, तर तो जिथे जन्मला आणि जिथे त्याचे म्हातारे आईवडील राहतात, त्याच भारतीय गावातून त्याने बाहेर पडायचे. अनेक तिबेटी नागरिकत्व मागत नाहीत, याचे मोठे कारण हे आहे. तिबेट एक दिवस मुक्त होईल आणि आपण परतू, ही आशा हे दुसरे कारण आहे. ती आशा त्यांच्या समाजाला बांधून ठेवते, आणि तिचा आदर करायला हवा. 2019 च्या नागरिकत्व दुरुस्तीत बौद्धांचा समावेश आहे, पण ती पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तानातून आलेल्यांपुरती आहे. तिबेटी तिच्यात बसत नाहीत.

मतपेटी आपल्या भाषेत

ही वसाहत अर्जुनी मोरगाव विधानसभा मतदारसंघात येते. तिथल्या मतदानात वसाहतीतले थोडेच लोक भाग घेऊ शकतात. पण नागरी जीवनाची शिस्त या लोकांना ठाऊक नाही, असा कोणाचा समज असेल तर तो चुकीचा आहे. धरमशालेतील केंद्रीय तिबेटी प्रशासनाची 45 सदस्यांची निर्वासित संसद आहे. 1991 मध्ये तिने आपली सनद स्वीकारली. कार्यकारी प्रमुख 2001 पासून थेट मतदानाने निवडला जातो आणि 2011 मध्ये दलाई लामांनी आपले राजकीय अधिकार निवडून आलेल्या नेतृत्वाकडे सोपवले.

‘ग्रीन बुक’ नावाची हिरवी पुस्तिका ही या लोकशाहीची मतदार ओळख. स्वेच्छेने भरलेल्या वार्षिक वर्गणीची नोंद तिच्यात होते. मतदान दोन फेऱ्यांत होते. पहिल्या फेरीत मतदार आपल्या पसंतीचे नाव स्वतःच्या हाताने लिहितो आणि दुसऱ्या फेरीत पुढे आलेल्या उमेदवारांतून निवड होते. 2021 च्या अंतिम फेरीत जगभरातील 83 हजारांहून अधिक नोंदणीकृत मतदारांपैकी सुमारे 77 टक्क्यांनी मतदान केले. ना भूमी, ना सैन्य असलेल्या या समाजाने अनेक देशांत विखुरलेल्या वस्त्यांतून असे मतदान करून दाखवावे, ही लोकशाहीवर विश्वास असणाऱ्या कोणालाही उभारी देणारी गोष्ट आहे.

दुसरे स्थलांतर, आणि आपले

2009 च्या तिबेटी जनगणनेत भारतात 94,203 तिबेटी नोंदले गेले. 2008 नंतर तिबेटातून नवे लोक येणे जवळजवळ थांबले आहे. दुसरीकडे तरुण मंडळी टोरांटो, न्यूयॉर्क, मिनेसोटा आणि पॅरिसकडे जात आहेत. अमेरिकेने 1990 च्या कायद्याने एक हजार तिबेटींना प्रवेश दिला, त्यांच्यामागून नातलग गेले. शेतकी वसाहतींमध्ये म्हातारी माणसे उरली आहेत आणि वर्गखोल्यांत पटसंख्या घटते आहे. विदर्भातल्या कितीतरी मराठी गावांचे चित्र याहून वेगळे नाही.

तिकडे गेलेल्या मराठी माणसाचे कागदही जवळजवळ असेच आहेत. अमेरिकेतला एच-वन-बी व्हिसा नोकरीला बांधलेला असतो. ग्रीन कार्डच्या रांगेत वर्षे जातात आणि तोवर मूल 21 वर्षांचे झाले, तर आईवडिलांच्या व्हिसाचा आधार त्याला उरत नाही. आखातात कामगाराचा मुक्काम मालकाच्या नावाशी जोडलेला असतो. परदेशस्थ भारतीयाला 2010 च्या दुरुस्तीनंतर मतदार यादीत नाव घालता येते, पण मत द्यायला स्वतः इथल्या केंद्रावर यावे लागते. ज्याने परदेशी नागरिकत्व घेतले त्याला ओसीआय कार्ड मिळते. त्या कार्डावर ना मतदान करता येते, ना शेतजमीन विकत घेता येते. आपल्या परदेशस्थ मुलांसाठी आपण दूतावासांना पत्रे लिहितो, खासदारांना भेटतो आणि अधिकारांची मागणी करतो, ते योग्यच आहे. तोच मापदंड आपण आपल्या दारातल्या परदेशस्थांना लावला पाहिजे.

त्यासाठी काही फार मोठे करावे लागत नाही. 2014 च्या धोरणाची प्रत तालुक्याच्या प्रत्येक संबंधित कार्यालयात असावी आणि तिची अंमलबजावणी झाली का, हे जिल्हा प्रशासनाने दरवर्षी तपासावे. स्वेटर बाजाराच्या मैदानाची परवानगी हंगामापूर्वीच मिळावी. 1 जुलै 1987 पूर्वी इथे जन्मलेल्यांची नावे मतदार यादीत आहेत का, हे पाहावे. आणि न्यायालयाने ज्याला भारतीय म्हटले आहे, त्याला नागरिकत्वासाठी आपले गाव सोडायला लावणारी अट रद्द व्हावी. ही मागणी तिबेटींसाठीच आहे असे नाही. कायदा सर्वांना सारखा, या आपल्याच तत्त्वाची ती मागणी आहे.

प्रतापगडला महाशिवरात्रीला मोठी यात्रा भरते आणि तिथेच ख्वाजा उस्मान गनी हारूनी यांचा दर्गा आहे. त्याच पंचक्रोशीत बुद्धाचा गोंपा उभा राहिला. शेजारधर्म या मातीने कधीच शिकवून ठेवला आहे. सरकारी कागदाने त्याच्या मागोमाग यावे, एवढेच आता बाकी आहे. आणि ते काम शासनाकडून करून घेणे ही गोंदिया जिल्ह्यातल्या, महाराष्ट्रातल्या मतदारांची, म्हणजे तुमची आणि माझी जबाबदारी आहे.